जाळं झाकायचं राहिलं

९ मार्च २०२५

श्रीमती डिंपल मोहुर्ले, आरोग्य सेविका, यांस,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून पत्र लिहिते आहे. पोस्टाला ब्लॉक करता येत नाही.

सिरोंच्याच्या बसच्या कंडक्टरकडे एक पिशवी दिली आहे. तीत तुझा स्टीलचा डबा, स्वेटर आणि उपकेंद्राच्या खिडकीतली देवीची तसबीर आहे. तिकडच्या उन्हाळ्यात स्वेटरचा उपयोग नाही, पण माझ्याकडे राहून तरी काय करायचं? पिशवी मिळाल्याचं कळव. पोस्टकार्डावर दोन ओळी पुरे.

तुझ्या जागी जया नावाची मुलगी आली आहे. मोबाइल कानाला लावून लस टोचते. दोनदा झापलं. तिसऱ्यांदा झापायला गेले तर म्हणते, "मॅडम, तुमचाच फोन होता." असो.

तिकडच्या बाया तेलुगू बोलतात. कुठे दुखतं, किती दिवसांपासून दुखतं, एवढं विचारण्यापुरतं शिकून घे. दुभाष्या म्हणून नवऱ्याला मध्ये घेऊ नकोस. नवरे दुखण्याचं भलतंच सांगतात.

आता मुद्द्याचं. बदली ही शिक्षा समजू नकोस, शिस्त समज. गिरजाचा फोटो तू काढलास. तिच्या हातात सिकलसेलचं पिवळं कार्ड होतं. तो फोटो नदीपलीकडे गोंडपिपरीच्या बाजूला तिच्या होणाऱ्या सासरी पोचला आणि ठरलेलं साक्षगंध मोडलं. पिवळं कार्ड म्हणजे रक्ताचा आजार नव्हे, आजाराचं लाल असतं, मुलगी नुसती वाहक आहे आणि नवराही वाहक असेल तरच लेकरांना धोका, हे आता त्या लोकांच्या कानी कोण घालणार? तिच्या बापानं, लटारूनं, तक्रार केली. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "फोटो सिस्टरनी स्वतःच्या मोबाइलवर काढला." यात खोटं एक अक्षर नाही.

तो माझ्या स्टेटसवर लागला होता, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. ते कागदावर आणून कुणाचं भलं होणार आहे? माझ्या नोकरीचे साडेतीन महिने उरलेत. चौतीस वर्षांत एक मेमो नाही. तुझ्यापुढे सगळी नोकरी पडली आहे, तुझं सावरेल.

लसीचा डबा उन्हात ठेवू नकोस.

वच्छला भोयर
आरोग्य सहायिका


३० मार्च २०२५

डिंपल,

पोस्टकार्ड आलं नाही. कंडक्टर म्हणतो, पिशवी तू हातात घेतलीस आणि काही बोलली नाहीस. ठीक आहे.

काल चामोर्शीच्या बाजारात देवानंद दिसला. तुझी मुलगी त्याच्या खांद्यावर बसली होती. एका हातात भिंगरी आणि दुसऱ्या हातानं बापाचे केस धरलेले. मला पाहून तो थांबला. पळाला असता तर बरं झालं असतं.

"नमस्कार मॅडम," म्हणाला. "आज फोटो नाई काढत?"

मी विचारलं, पोर जेवते का नीट. तो म्हणाला, "जेवते. रातच्यानं मायले व्हिडिओ कॉल लावते आन् मोबाइलले घास चारते. टच खराब झाला मोबाइलचा." मग हसला. मी काय करणार, मी पण हसले. तेवढ्यात पोरगी वाकून म्हणाली, "बाबा, ह्या फुलवाल्या आजी का?"

"कोणत्या फुलवाल्या?" मी विचारलं.

"तोंडावर फूल लावते नं मोबाइलात, त्या."

देवानंदनं तिला गप्प केलं नाही. मी तिला बोरं घेऊन दिली. तिनं ती घेतली आणि बापाला विचारलं, खाऊ का? मी कुणाला विष देईन असं लेकराच्या मनात नव्हतं. तरी तिनं विचारलं.

आज रविवार. क्वार्टरच्या मागे मोहफुलांचा सडा पडला आहे, पण वेचायला कुणी येत नाही. वाघाचं पाऊल दिसलं म्हणतात. मी दार लावून बसले आहे. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

ते फूल तूच शिकवलंस. मला स्टेटस लावता येत नव्हतं. तू माझ्या ओसरीवर बसून दाखवलंस, "बाई, इथं दाबा, आता कोणी पाह्यलं ते इथं दिसते." त्या संध्याकाळी माझ्या पालकाच्या जुडीचा फोटो तेहतीस जणांनी पाहिला. डिंपल, यजमान गेल्यापासून अकरा वर्षांत माझ्या घरात संध्याकाळी तेहतीस माणसं आली नव्हती.

मग रोजच लागलं ते. कामाचे फोटो मी सगळ्यांकडून मागायचेच. फोटो नाही तर काम नाही, हा माझा नियम. त्यातला एक चांगला निवडायचा, चेहऱ्यावर फूल चिकटवायचं, कुणाला तरी शाबासकी लिहायची. मग भाताचा कुकर लावायचा आणि शिट्ट्यांबरोबर नावं मोजत बसायचं. कोण आलं, कोण नाही. नाव दिसलं की माणूस दारात डोकावून गेल्यासारखं वाटे.

त्या दिवशी गिरजाचा निवडला. गावातली शेवटची तपासणी तिची होती, म्हणून खाली लिहिलं, "शंभर टक्के! शाब्बास डिंपल!" एकशे सहा जणांनी पाहिलं. त्यातल्या कुणी तरी तो उतरवून घेतला आणि पुढे धाडला. कुणी, ते मी शोधलं नाही. शोधलं असतं तर तो कुठून निघाला हे आधी सांगावं लागलं असतं.

त्या एकशे सहामधली निम्मी माणसं आपल्याच केंद्राची. चौकशीत एकालाही काही आठवलं नाही. माझा धाक किती आहे ते तेव्हा कळलं. पूर्वी मला त्याचा अभिमान होता.

वच्छला भोयर


२२ एप्रिल २०२५

डिंपल,

काल लटारूकडे गेले होते. का गेले ते खरं सांगते. निवृत्तीच्या कागदांवर कुठली तक्रार अडकू नये, म्हणून त्याच्याकडून 'आता काही म्हणणं नाही' असं लिहून घ्यावं, एवढाच विचार होता. कागद तयार करून पर्समध्ये ठेवला होता. फक्त अंगठा हवा होता.

तलावाच्या पाळीवरचं त्यांचं घर तुला माहीत आहे. लटारू अंगणात जाळं विणत बसला होता. त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, खाट टाकली, पाणी दिलं, आणि आत गेली ती परत आली नाही. मी बसले. मग म्हटलं, "लटारूभाऊ, माझ्या माणसांकडून चूक झाली. पण चेहरा तर झाकलेला होता."

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "चेहरा झाकला जी बाई, मानलं. पण माहं जाळं कोनं झाकलं?"

मी जाळ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं मी त्या गावात जाते आहे. भिंतीवर टांगलेलं जाळं मी कधी पाहिलं नव्हतं. तुझ्या फोटोत गिरजाच्या मागे तेच टांगलेलं होतं. जाळं तरंगावं म्हणून वरच्या दोरीला निळ्या चपलांचे गोल कापलेले तुकडे, आणि जिथे फाटलं तिथे लाल दोऱ्याची गाठ. लटारूनं गाठ माझ्यापुढे धरली. "हे गाठ माह्या बापाची. आमच्यात दुसरा कोनी अशी मारत नाई. पोरीच्या होनाऱ्या सासऱ्यानं, मनसारामभाऊनं, दोन सालं माह्यासंगं नदीत हेच जाळं वढलं हाये. त्याचा फोन आला मले. म्हने, लटारूभाऊ, पोरीच्या तोंडावर फूल हाये, पन जाळं तं तुमचंच हाये नं? मी काय सांगू? जाळं माहं नाई म्हनू?"

मासेमारी करणाऱ्या माणसाच्या घरी तोंड झाकलं आणि जाळं उघडं ठेवलं. नाव लिहून ठेवलं असतं तरी एवढ्या लवकर ओळख पटली नसती.

तेवढ्यात गिरजा आली. डोक्यावर टोपली होती, ती उतरवली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "बस." ती बसली नाही.

"डिंपलताईनं मले शब्द देल्ला होता का फोटो फक्त हापिसात जाईन," ती म्हणाली. "मंग तिनं असं काऊन केलं, बाई? मी तं तिले काई वाईट बोलली नाई कधी."

पर्समधल्या कागदाला मी हात लावला होता. तिथेच हात राहिला.

"तिनं नाही केलं," मी म्हटलं. "तिनं माझ्याकडे पाठवला होता. मी लावला."

लटारूचे हात थांबले. गिरजा रडली असती तर मला काही सुचलं असतं, रडणाऱ्या बायकांची मला सवय आहे. ती अगदी हळू बोलली. "अमरले मी सांगनार होती. साक्षगंधाच्या आदी. डिंपलताईनं मले सांगतलं होतं कसं सांगाचं, का बा दोघंबी तपासून घेऊ, मंग ठरवू. मी मनात चार डाव घोकून ठेवलं होतं. तो नाई म्हनला असता तं नाई. पन ते सांगनं माहं होतं, बाई. तुमी सांगून टाकलं."

आतून सुगंधाबाईचा आवाज आला, "तुमी तं पहिल्यापासूनच सांगता, बाई. शाळेच्या ओट्यावर उभं राहून कोनाच्या अंगात किती रक्त हाये ते साऱ्या गावाले आयकवता. आमी हासत होतो तवा."

खरं आहे. मी रिपोर्ट मोठ्यानं वाचत असे. वेळ वाचतो, असं मला वाटे.

मी गिरजाला म्हटलं, मी साहेबांना सगळं लेखी देईन. माझ्या मोबाइलमध्ये फूल लावलेली मूळ प्रत अजून आहे, तारीख आणि वेळेसकट. तोच पुरावा जोडते, म्हणजे डिंपल सुटेल.

ती म्हणाली, "म्हंजे तो फोटो पुन्यांदा हापिसात फिरनार?"

मी पर्समधून मोबाइल काढला.

"काढून टाका," ती म्हणाली. "आत्ता. माह्यासमोर."

डिंपल, तुला सोडवायला माझ्याजवळ एवढी एकच वस्तू होती. मी ती पुसली. कचऱ्याच्या पेटीतूनही पुसली. तिनं मोबाइल हातात घेऊन खात्री केली. मग टोपली उचलली आणि आत गेली. अंगठ्याचा कागद मी तलावाच्या पाळीवर फाडला.

आता एक राहिलं. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, दुसऱ्यातही लिहिलं नाही. तू वाट पाहत असशील, किंवा पत्रं फोडतही नसशील.

त्या दिवशी स्टेटस लावून दहा मिनिटं झाली नव्हती, तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाई, तो फोटो काढा नं. मी पोरीले शब्द देल्ला हाये. आन् मांगं त्यायचं जाळं दिसून राह्यलं." मी म्हटलं, "चेहऱ्यावर फूल लावलं आहे. आता जाळ्यावर पण लावू का? मला नियम शिकवू नकोस." तू फोन ठेवलास. मी तो दोन तासांनी काढला. तेव्हा शंभराच्या वर गेले होते.

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं नाही. मला सांगितलं होतं. चौकशीत तू म्हणालीस, "फोटो मीच काढला. बाकी मॅडमना विचारा," आणि माझ्याकडे पाहिलंस. मी फाइलीकडे पाहिलं. मी जे बोलले त्यात खोटं काही नव्हतं. खऱ्याचा अर्धा भाग तोडून मी माझ्याजवळ ठेवला होता, आणि उरलेल्या अर्ध्यानं तुला पावणेदोनशे किलोमीटर लांब धाडलं.

वच्छला भोयर


२८ मे २०२५

चि. डिंपल,

लेखी निवेदन घेऊन ऑफिसात गेले. तिथला हेमराज बाबू तुला ठाऊक आहे, पान चघळत बोलतो. त्यानं वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"मॅडम, यासंगं फोटो जोडा."

"फोटो नाही."

"मंग स्क्रीनशॉट."

"तोही नाही. असता तरी जोडला नसता."

"मंग हे खरं हाये, हे साहेबाले कसं समजनार?"

"मी सांगते आहे म्हणून."

त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "मॅडम, राग नका मानू. तुमीच तं आमाले शिकवलं, फोटो नाई तं काम नाई. आता तुमीच बिनफोटोचं काम घेऊन आले." मग हळू आवाजात म्हणाला, "एक महिना राह्यला तुमचा. काऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून राह्यले? पोरगी काई उपाशी नाई मरत तिकडं."

साहेबांनी बोलावलं. ते म्हणाले, साक्षीदार असतील तर पाहू.

काल मासिक सभा होती. तेंदूपानांचा हंगाम आहे, तरी पंचेचाळीस जणी आल्या होत्या. साहेब आणि हेमराज बाबूही होते. विषय संपल्यावर मी उठले. माझा आवाज नेहमीचाच होता. मी म्हटलं, "डिसेंबरात माझ्या स्टेटसवर एका मुलीचा फोटो लागला होता. तो डिंपल सिस्टरनी लावला नव्हता, मी लावला होता. तिनं फोन करून काढायला सांगितलं, मी तेव्हा काढला नाही. ज्यांनी ज्यांनी तो माझ्या स्टेटसवर पाहिला, त्यांनी हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. पंखा आवाज करत होता. जया मोबाइलमध्ये पाहत होती. ती तर तेव्हा इथे नव्हतीच. बाकीच्या जमिनीकडे पाहत होत्या. मला वाटलं, झालं, माझं पेरलेलं माझ्याच पदरात पडलं.

मग मागच्या रांगेतून आशा कार्यकर्ती सोमारी उठली. तीच, जिला मी गेल्या वर्षी उशिरा आली म्हणून बाहेर उभं केलं होतं. तिनं हात वर केला. "मी पाह्यला जी. तवाच सांगनार होती. पन तुमी खवळता म्हनून नाई बोलली."

"आता खवळते का?" मी विचारलं.

"दिसून तं तशाच राह्यल्या," ती म्हणाली, आणि सगळी सभा हसली.

हसण्याबरोबर दुसरा हात वर गेला, मग तिसरा, मग एका ओळीतले सगळेच. मी मोजत होते. सवय. एकोणीस. हेमराज बाबू उठला आणि पुरावा म्हणून त्या हातांचा फोटो घ्यायला मोबाइल वर धरला.

"फोटो नाही," मी ओरडले. "नावं लिहा. सह्या घ्या."

त्यानं मोबाइल खिशात घातला आणि कागद मागवला. एकोणीस सह्या झाल्या. शेवटी सोमारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमचं स्टेटस पाह्याची सवय पडली होती आमाले. पालकाच्या भाजीचं तेवढं लावत जा."

मी आता काही लावत नाही. संध्याकाळी कुकर लावते आणि शिट्ट्या मोजते.

वच्छलाबाई


३० जून २०२५

चि. डिंपल,

तुझा परत येण्याचा आदेश निघाला, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. तुझ्या मुलीच्या शाळेचं पहिलं वर्ष आहे. सुरुवातीचे काही दिवस बुडाले, बाकीचे बुडणार नाहीत. देवानंदला म्हणावं, नवीन मोबाइल घ्यायची गरज नाही आता, घास चारायला आई येते आहे.

आज मी निवृत्त झाले. माझ्यावर चौकशी लागली आहे, ती पुढे चालेल. निरोपसमारंभ झाला नाही. चौकशी लागलेल्या माणसाला हार कसा घालावा, हे कुणाला ठरवता आलं नाही. जयानं दुपारी गुपचूप पेढे दिले आणि म्हणाली, "मॅडम, एक सेल्फी?" मग स्वतःच जीभ चावली. मी म्हटलं, "काढ. आपल्या दोघींचीच आहे. पण आधी मागे कोण उभं आहे ते बघ." तिनं मागे वळून बघितलं. दोनदा बघितलं. पोरगी शिकेल.

शेवटचं काम दुपारी तीनला केलं. महिन्यापूर्वी एक माणूस आपणहून तपासणीला आला होता. तो आपल्या हद्दीतला नाही. कुठला, ते लिहीत नाही. का आला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोनीतरी येऊन मले सांगतलं. सोतः सांगतलं, तोंडानं. मंग मले बी वाटलं का आपलं बी पाहून घ्यावं." मी पुढे काही विचारलं नाही.

आज त्याचा रिपोर्ट आला होता. तो आला तेव्हा ओसरीवर वीसेक माणसं होती. मी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते दार कधी लावलंच नव्हतं, पावसानं फुगलेलं, दोघांनी मिळून ओढावं लागलं. हळू आवाजात सांगितलं. मला हळू बोलता येत नाही, दोनदा पुन्हा सांगावं लागलं. त्यानं कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, नमस्कार केला आणि गेला. बाहेर बायांनी विचारलं, "काय निंगालं बाई?" मी म्हटलं, "ऊन निघालं. रांगेत बसा."

क्वार्टर शनिवारी रिकामं करायचं आहे. माझं सामान फार नाही. उपकेंद्राची किल्ली जयाकडे आहे. तुझी तसबीर परत घेऊन ये, खिडकी तशीच आहे. मला भेटायला येऊ नकोस. यावंसं वाटलं तर ये.

कुकर झाला आहे. बाहेर पाऊस नाही, नुसतं भरून आलं आहे. त्या माणसाचं कार्ड कोणत्या रंगाचं होतं, हे तुझ्या मनात आलं असेल. मला माहीत आहे. तुला सांगणार नाही.

वच्छला भोयर